झारी धुतलेलं पाणी

टोमॅटो चिरताना मी अजूनही पहिली फोड उलटून बघते. सुनेला वाटतं, सासूबाईंना अळीची धास्ती. वाटू दे. मी आत बिया आहेत का ते बघत असते. बिया दिसल्या की सुरी पुढं चालते. जन्म सगळा पोरांना शास्त्र शिकवण्यात गेला. फळात बी कशामुळं धरतं आणि कशामुळं धरत नाही ते फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं, आणि घरी येऊन स्वतः मात्र फोड उलटून बघत राहिले. आता या वयात ही खोड जायची नाही, तेव्हा ती लागली कशी ते तरी लिहून ठेवावं.

लोणावळ्याच्या तुंगार्लीला तळ्याच्या वरच्या अंगाला मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता, आणि बंगल्याच्या पाठीमागं, फणसाच्या आड, आमच्या दोन खोल्या. माझे वडील तिथले माळी. त्यांना मी भाऊ म्हणायची. साहेब मंडळी मे महिन्यात नि दिवाळीत यायची, बाकी वर्षभर तो एवढा मोठा बंगला खिडक्या मिटून गप्प उभा असायचा. पुढच्या बागेत आम्ही बायका-पोरींनी फिरकायचं नाही, हा नियम साहेबांनी नव्हता केला, भाऊंनीच केला होता. आमचं राज्य मागचं. विहीर, चूल, कोंबड्यांचं खुराडं आणि आईचा भाजीचा वाफा. आवाज म्हणाल तर पत्र्यावर माकडांच्या उड्या आणि घाट चढून दमलेल्या गाड्यांच्या शिट्ट्या. गाडीला मागून रेटत आणणारं इंजिन लोणावळ्यात सुटायचं, त्याची शिट्टी वेगळी, तोकडी. ती ऐकू आली की आई तव्यावर भाकरी टाकायची. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कधी सुकट, आणि वाफ्यात असेल ती भाजी. घेवडा, माठ, मिरच्या, आणि मधोमध आईच्या लाडक्या टोमॅटोच्या दोन ओळी.

आमच्या घरात पाण्याचा थेंब फुकट जात नसे. तळं डोळ्यांसमोर, पण ते पाणी आमचं नव्हे, आणि आमची विहीर चैत्र लागला की तळ दाखवायची. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, अंघोळीचं, भाऊंनी चिखलाचे हात धुतलेलं, सगळं पाणी विहिरीशेजारच्या दगडी पन्हळीतून आईच्या वाफ्याला जायचं. मी एकदा तोंड धुऊन चूळ अंगणात टाकली तर भाऊंनी पाठीत धपाटा घातला होता. तेवढीच चूळ मिरचीच्या बुडाशी टाकायला काय झालं होतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी आईला सातवा महिना होता. माझ्या पाठीवर दोन झाली होती आणि दोन्ही गेली. एक जन्मतानाच, दुसरं चार महिन्यांचं होऊन. त्यामुळं या खेपेला घरात कुणी मोठ्यानं हसतसुद्धा नव्हतं. भाऊंची थोरली बहीण, माझी आत्या, वडगावच्या अलीकडच्या आमच्या गावाहून मुद्दाम येऊन राहिली होती. आत्या वाईट नव्हती हो. विधवा बाई, पोटी काही नाही, भावाचा वंश राहावा म्हणून जीव टाकायची. पण तिला भीती वाटली की ती मनात ठेवत नसे, मोठ्यानं बोलून दाखवायची, आणि मग ती सगळ्या घराची व्हायची. आईला डोहाळे लागले होते आंबटाचे. कच्चा टोमॅटो झाडावरून तोडायचा, पदराला पुसायचा आणि मिठाच्या खड्याबरोबर उभ्या उभ्या खायचा. "इंदे, जरा बसून तरी खा," आत्या म्हणायची. आई तोंड भरल्यामुळं नुसती मान हलवायची.

साहेब येण्याच्या आधी पुढची हिरवळ साफ करायची असे. दरवर्षी ठाकरवाडीच्या बायका येऊन ओळीनं बसून तण खुरपायच्या. त्या वर्षी साहेबांनी मुंबईहून मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर एक डबा धाडला. तण मारायचं नवं औषध, गवताला काही होत नाही, नुसतं तण मरतं. डब्यावर सगळं इंग्रजी. झारीभर पाण्याला किती घालायचं ते ड्रायव्हरनं झाकण दाखवून सांगितलं. भाऊंनी एका सकाळी सगळ्या हिरवळीवर झारी फिरवली, विहिरीवर आले, झारी दोनदा स्वच्छ विसळली आणि धुवण पन्हळीत ओतलं. मी तिथंच कपडे धूत होते. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात चंद्रग्रहण आलं. वेध दुपारपासूनच लागले होते. आत्यानं पाण्यात, पिठात, लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पानं टाकली आणि आईला बजावलं, चिरायचं नाही, मोडायचं नाही, कशाला पीळ घालायचा नाही, पाय लांब करून सरळ बसायचं, नाहीतर पोटातल्या पोराला तसाच दोष लागतो. पण वारं सुटलं होतं, टोमॅटोची झाडं फळांनी वाकून जमिनीला टेकली होती आणि आईला ते बघवेना. ती हळूच गेली, काथ्याला मांडीवर पीळ घालून दोऱ्या केल्या आणि झाडं काठ्यांना बांधून घेतली. शेवटची गाठ मारताना आत्यानं पाहिलं.

"आगं इंदे, येध लागल्यात न्हवं? काय करतियास ह्ये?"

"झालंच की वन्सं. पडली हुती बिचारी."

आत्यानं आईचा दंड धरून तिला आत नेलं. संध्याकाळी चंद्र उगवला तोच कुरतडलेला. ग्रहण सुटेपर्यंत आई भिंतीला पाठ लावून लाकडासारखी बसून होती. खाली रस्त्यावरून "दे दान, सुटे गिऱ्हाण" असा पुकारा आला तेव्हा कुठं तिनं पाय जवळ घेतले.

दोन-तीन दिवसांनी मी मिरच्या तोडायला गेले आणि वाफ्यापाशी थबकले. टोमॅटोची झाडं वळली होती. सुकलेली नव्हती, कीडही नव्हती. हिरवीगार होती आणि पिळलेली होती. शेंडा खाली वळून पुन्हा वर, देठ स्वतःभोवती फिरलेले, पानं अरुंद होऊन आत मुडपलेली. जणू रात्री कुणीतरी प्रत्येक झाड दोन हातांत धरून ओल्या लुगड्यासारखं पिळलं होतं. पुढं खोडं जाड झाली, उभी तडकली, आणि तडकल्या जागी जमिनीपासून वीतभर वर पांढऱ्या मुळांचे फोड आले. मी आईला हाक मारली नाही. मला वाटलं, तिनं बघूच नये. पण वाफा तिचा, ती किती वेळ न बघणार?

आत्या तिच्या मागं उभी होती. तिनं आईनं बांधलेल्या काथ्याकडं बोट केलं, मग झाडाकडं. दोन्हीचा पीळ एकाच बाजूला होता, निदान आम्हाला तसा दिसला. आत्याचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "ह्यो तुजा पीळ हाय," ती म्हणाली. "झाडावर उतारला तर बरं. फकस्त झाडावर उतारला तर."

तेव्हापासून आईचा हात पोटावरून हलेना. बाळानं आत लाथ मारली की आधी ती हसायची, आता दचकायची. "शाले, हितं हात ठेव," मला म्हणायची, "ह्यो पाय हाय का? सरळ लागतोय का तुला?" मी दहा-बारा वर्षांची पोर, मला काय कळणार? मी म्हणायची, सरळ आहे. काही झाडं त्यातूनही जगली आणि त्यांना फळं धरली, वेळेच्या आधीच, वेडीवाकडी, टोकाला चोच आलेली. आई ती खायला तयार नव्हती, पण टाकवेनातही, म्हणून कालवणात घालायला चिरली. आत गर होता, पाणी होतं, कप्पे होते. बी एकही नव्हतं. दुसरं चिरलं, तेही तसंच. आईनं सुरी खाली ठेवली आणि तिसरं चिरलंच नाही. पोकळ फळ, इतकंच ती म्हणाली, आणि मला तिची दोन्ही गेलेली बाळं एकदम आठवली.

आत्यानं ठरवलं, आईला भुशीच्या वरच्या अंगाला एक देवऋषी बसायचा त्याच्याकडं न्यायचं. तो पोटुशी बाईला उपाशी ठेवायचा आणि कोंदट खोलीत कडुलिंबाच्या धुरीत बसवायचा. आमच्या ओळखीतली एक बाई तिथून परत आली ती मोकळी होऊनच. लोक म्हणाले, वाईट होतं ते गेलं. आई नको म्हणाली असती तर वेगळी गोष्ट. पण आईला आता स्वतःचीच इतकी भीती बसली होती की ती हो म्हणाली. भाऊ तिथंच उंबऱ्यावर बसून तंबाखू चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ जेवायला येईनात म्हणून आत्यानं मला हाक मारायला धाडलं. मी नियम मोडून कोपऱ्यावरून पुढं गेले. भाऊ हिरवळीच्या मधोमध उकिडवे बसले होते. भोवती आंबुशी, माठ, आघाडा, जे जे तण होतं ते सगळं पिळलेलं. गवत सरळ, आणि गवतातून वर आलेलं प्रत्येक रोप वळून, मान टाकून, खोड फुगवून मरायला टेकलेलं. आमचाच वाफा, पण सगळ्या बागेभर. मी भाऊंकडं पाहिलं, भाऊंनी माझ्याकडं. त्यांना झारी आठवली होती आणि मलाही. "घरात बोलू नगंस," ते म्हणाले. "ती खातीया त्ये समदं आदीपासनं."

मग मला कळलं की ते इतके दिवस गप्प का आहेत. ग्रहण म्हणावं तर आई देवऋषीकडं जाते. औषध म्हणावं तर आईनं ते औषध रोज मिठाबरोबर खाल्लं आहे. कुठल्या भीतीला घरात घ्यायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही आणि त्यानंतर बरेच दिवस नीट गेलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी आत्यानं नारळ, लिंबं, काळा दोरा टोपलीत भरला. आईनं चपला घातल्या. इतक्यात भाऊ पुढच्या बागेतून आले. हातात मुळासकट उपटलेला माठ आणि आघाडा, दोन्ही पिळून वेडेवाकडे झालेले. ते त्यांनी आत्याच्या पुढ्यात टाकले.

"ह्येला कुनी पीळ घातला, आक्का? म्होरल्या बागंत कुटं गेलती ती गिराणात?"

आत्यानं माठ उचलून बोटांत फिरवून पाहिला.

"दवा घातली मी, तन मारायची. झारी धुतली आन् पानी वाफ्याला सोडलं. माज्या हातनं झालंय. तिनं काय बी क्येलेलं न्हाई. चपला काढ गं."

आत्यानं टोपली खाली ठेवली. मला वाटलं आता सगळं संपलं, आता आई रडेल, हलकी होईल. पण आई तशीच उभी राहिली, एक चप्पल पायात. "म्या खाल्ल्यात ती," ती भाऊंना म्हणाली. "रोज खाल्ल्यात." देवऋषी टळला, पण त्या घरात भीती काही कमी झाली नाही, नुसती या खोलीतून त्या खोलीत गेली.

मे महिन्यात साहेब आले. भाऊंनी त्यांना मागं आणून वाफा दाखवला आणि टोपी काढून विचारलं. साहेब मोठ्यानं हसले. रागावले नाहीत, हे त्यांचे उपकारच. म्हणाले, "अरे, हे औषध झाडाला मारत नाही, वाढवतं. इतकं वाढवतं की झाड वाढून वाढून मरतं. माणसाला काही होत नाही, घाबरू नको." आणि जाता जाता वळून म्हणाले, "पण ते टोमॅटो मात्र टाकून दे हं सगळे." काही होत नाही तर टाकायचे कशाला, हे विचारायची भाऊंची छाती झाली नाही. आई दाराआडून ऐकत होती. वाढून वाढून मरतं, एवढंच तिच्या कानात राहिलं.

साहेबांचं म्हणणं खरं होतं, हे मला पुढं कळलं. झाडाच्या शेंड्यात वाढीचं एक द्रव्य तयार होतं, अगदी कणभर, आणि ते खाली उतरत जातं. जिथं पोचतं तिथल्या पेशींच्या भिंती ते सैल करतं. पेशीची भिंत एरवी ताठ असते. सैल झाली की पेशी पाणी पिते आणि लांबते, मळून मुरलेली कणीक ओढल्यावर लांबते तशी. सावलीच्या बाजूला हे द्रव्य जास्त उतरतं, तिकडच्या पेशी जास्त लांबतात, म्हणून खोड उजेडाकडं झुकतं. काम झालं की झाड आपलं द्रव्य आपणच मोडून टाकतं. डब्यातलं औषध हे त्याच द्रव्याचं सोंग. झाडाला ते आपलंच वाटतं, पण मोडता येत नाही. मग एका अंगाच्या पेशी लांबतच सुटतात, दुसरीकडच्या फुगतात, भलतीकडंच दुभागत राहतात, खोड पिळतं, तडकतं, नको तिथं मुळं फुटतात. फुलालाही फसवतं ते. परागाचा पत्ता नसताना फूल समजतं की बी धरलं, आणि रिकामं फळ फुगवत बसतं. गवताच्या जातीला त्याचं फारसं काही वाटत नाही. टोमॅटोइतकं हळवं मात्र दुसरं झाड नाही, झारीच्या पत्र्याला चिकटलेलं औषधसुद्धा त्याला पुरतं. माणसाच्या शरीरात त्या द्रव्याचं बोलणं ऐकणारं असं काही नाही. विष म्हणून ते वाईटच, प्या असं मी कुणाला सांगणार नाही, पण झाडाला पिळतं तसं ते गर्भाला पिळत नाही. हे सगळं मी वर्गात किती वेळा घडाघडा बोलले असेन. त्या उन्हाळ्यात हे सांगणारं कुणी आमच्या चुलीपाशी नव्हतं.

पाऊस लागून बरेच दिवस झाल्यावर एका सकाळी आईला कळा आल्या. ठाकरवाडीची सुईण आली, आत्या आत गेली. भाऊ आणि मी पडवीत. बाळाचा आवाज आला तेव्हा भाऊंनी डोळे मिटले. रडणं चांगलं खणखणीत होतं. मग आत एकदम कुणी बोलेना. पोरगं झालं की बायका बोलतात, हसतात, पाणी आण, फडकं आण म्हणतात. तसलं काही नाही. मी दार ढकललं. आत्यानं बाळ हातावर धरलं होतं आणि त्याचा उजवा पाय बोटांनी सरळ करू पाहत होती. पाऊल आत वळलेलं होतं, तळवा दुसऱ्या पायाकडं. तिनं सोडलं की ते परत वळायचं. आई मान वर करून तेच बघत होती. तिचा चेहरा मला अजून पुसता आलेला नाही. आत्यानं बाळावरची नजर काढली आणि आईकडं वळवली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यावरून भाऊंचा आवाज आला.

"माज्यामुळं हाय त्ये. दवंमुळं. कुनी काय बोलायचं न्हाई."

आत्यानं तोंड मिटलं. त्या घरात ग्रहण हा शब्द त्यानंतर कुणी उच्चारला नाही. बाळूला भाऊंनी पाठुंगळीला घेऊन पुण्याच्या हॉस्पिटलात किती खेपा केल्या, प्लास्टर घातली, काढली, पुन्हा घातली. पाऊल बरंचसं सरळ झालं. पुढं तो रेल्वेत लागला, लग्न झालं, आता नातवंडं आहेत. थोडा लंगडतो, पण जिना माझ्याआधी चढतो. गावात, नात्यात कुणी पायाचं विचारलं की भाऊ आपणहून सांगायचे, माझ्या हातून औषध गेलं होतं. लोक त्यांच्याकडं बघून चुकचुकायचे. आईकडं कुणी बघायचं नाही.

मी पुण्याला कॉलेजात गेले आणि झाडांचं शास्त्र घेतलं. का घेतलं ते वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी मला त्या वाढीच्या द्रव्याचं कळलं, आणि पुढं लायब्ररीत बसून गर्भाचंही वाचलं. हाताची, पायाची घडण पहिल्या काही महिन्यांतच उरकलेली असते. ग्रहण आलं, औषध आलं, तेव्हा आईला सातवा होता. बाळूचा पाय त्याच्या कितीतरी आधीच वळलेला होता. कशामुळं, ते डॉक्टरांनाही धड सांगता येत नाही. शनिवारी मी गाडी धरली आणि स्टेशनपासून जवळजवळ पळतच तुंगार्लीला आले. भाऊ गुलाबाच्या फांदीवर कलमाचा डोळा बांधत बसले होते. धाप लागलेली असतानाच मी त्यांना सगळं सांगितलं, पेशी, भिंती, महिने, सगळं. ते ऐकत होते आणि सालीवरून सुतळी गुंडाळत होते.

"मंजी दवा न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"आन् गिराण?"

"तेही नाही, भाऊ. कुणाचंच काही नाही. इतकी वर्षं तुम्ही उगीच—"

त्यांनी गाठ मारली, दातानं सुतळी तोडली. मागच्या पडवीत आई तांदूळ निवडत होती आणि आत्या, आता पुरती म्हातारी, तिच्या शेजारी बसली होती. भाऊंनी एकदा तिकडं बघितलं.

"तुज्या आईला सांग, गिराण न्हाई म्हनून. कालिजात शिकीवलंय म्हन. दवंचं काय बोलू नगंस."

"का पण? तुमच्यावरचा आळ जाईल की."

"दवा काढून घेतलीस की ह्यास्नी परत गिराणच घावंल. कुनाचंच न्हाई, असं म्हनून मान्सं गप बसत न्हाईत, शाले. माजं हाय त्ये ऱ्हाऊ दे माज्यापाशी."

मी मागं गेले, आईजवळ बसले आणि तिला तेवढंच सांगितलं.